पातळी जुळली, म्हणून पाणी कळलं का?

भूजलाचा विषय घेऊन पीएच.डी.ला नाव नोंदवलंत, की पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या हातात एका ठरावीक साच्याचा पेपर येतो. सुरुवातीला पाणलोटाचा नकाशा. मग भूशास्त्रावर अर्धं पान, त्यात 'हा भाग दख्खनच्या बेसॉल्टनं व्यापलेला आहे' हे वाक्य हमखास. मग मोडफ्लोची चौकटी-चौकटीची जाळी. मग तो आलेख: आडव्या अक्षावर मोजलेली पातळी, उभ्या अक्षावर मॉडेलची पातळी, आणि सगळे ठिपके तिरक्या रेषेवर मुंग्यांसारखे ओळीत. खाली लिहिलेलं असतं, आर-स्क्वेअर ०.९८, मॉडेल समाधानकारक. आणि शेवटी 'उपसा अमुक टक्क्यांनी वाढला तर वीस वर्षांनी काय होईल' याचा रंगीत नकाशा.

आज मला या साच्यावर टीका करायची आहे. एका पेपरवर नाही, साच्यावर. कारण मी स्वतः असं एक मॉडेल केलंय, आमच्या लोणंदच्या बाजूचं. छापलं नाही, पण त्याहून वाईट केलं: त्याच्या भरवशावर घरच्या माणसाला सल्ला दिला. ते पुढं सांगतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाचताना तपासता येईल. फक्त विहिरींच्या पातळ्या जुळवून केलेल्या मॉडेलला जमिनीखाली किती पाणी येतं-जातं हे कळत नाही. त्याला फक्त गुणोत्तरं कळतात. हे मत नाही, गणित आहे, आणि ते वहीच्या एका पानात बसतं.

आधी जागा बघू

लोणंद खंडाळा तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. पलीकडं नीरा नदी, नदीपार पुणे जिल्हा. गाव ओळखलं जातं कांद्याच्या बाजारानं आणि माउलींच्या पालखीच्या मुक्कामानं. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आम्ही पर्जन्यछायेत. हिशोबाला सोपं म्हणून आपण लोणंदचा पाऊस ५०० मिलिमीटर धरू.

विहीर खोदताना वरून खाली काय लागतं हे इथल्या कुठल्याही विहीर खोदणाऱ्याला तोंडपाठ असतं: माती, मुरूम, मग कुठं मांजऱ्या तर कुठं काळा कातळ, मध्येच गेरूचा लाल पट्टा. हेच भूशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. काही थरांत वायूचे बुडबुडे राहून गेलेला सच्छिद्र बेसॉल्ट, त्या बुडबुड्यांत नंतर पांढरी खनिजं भरली, म्हणून 'मांजऱ्या'. काही थर घट्ट, पण उभ्या सांध्यांनी चिरलेले. दोन थरांमध्ये कधी लाल माती. पाणी दगडातून नाही, या भेगा-सांध्यांतून आणि वरच्या झिजलेल्या भागातून चालतं.

आणि एक गोष्ट, जी बाहेरून आलेल्या संशोधकाच्या नजरेतून सुटते: वीर धरणावरून निघालेला नीरा उजवा कालवा या पट्ट्यातून फलटणकडं जातो. कालव्याला आवर्तन सुटलं की कालव्याखालच्या विहिरी चढतात, हे इथं शाळेतल्या पोराला माहीत आहे. कालवा मॉडेलमध्ये घातला नाही, तर पातळी जुळवण्यासाठी मॉडेल ते पाणी पावसाच्या नावावर टाकतं. आणि ठिपके तरीही रेषेवरच बसतात.

आर-स्क्वेअरची गंमत

त्या सुंदर आलेखापासून सुरू करू. त्यावरच्या पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या असतात. लोणंदच्या बाजूला जमीन डोंगराकडून नीरेकडं उतरत जाते. म्हणजे विहिरींच्या जागांच्या उंचीतच बरेच मीटर फरक. त्या मानानं, जमिनीपासून पाणी किती खोल आहे यातला फरक थोडा.

समजा विहिरींच्या जागांच्या उंचीचं प्रमाणविचलन ३० मीटर आहे, आणि पाण्याच्या खोलीचं ३ मीटर. आता मी कुठलंही मॉडेल न करता सांगितलं, 'सगळीकडं पाणी जमिनीखाली ८ मीटरवर आहे', आणि सरासरी खोली खरंच तेवढी निघाली, तर माझा आर-स्क्वेअर किती? एक वजा नऊ भागिले नऊशे नऊ. म्हणजे ०.९९! समीकरण नाही, जाळी नाही, बेसॉल्ट नाही.

म्हणून पेपर वाचताना पहिला प्रश्न हा विचारा: लेखकानं आपल्या मॉडेलची तुलना अशा एखाद्या 'आळशी' अंदाजाशी केली आहे का? नसेल, तर तो ०.९८ जमिनीच्या उताराचा आहे, मॉडेलचा नाही. माझ्या आलेखात नेमकं हेच झालं होतं, आणि मी तो आलेख मोठा करून भिंतीला लावला होता.

एका पानाचं गणित

आता मुख्य मुद्दा. दोन समांतर ओढे घ्या, मध्ये २ किलोमीटर अंतर. मधल्या जमिनीवर पाऊस पडतो, त्यातला काही भाग खाली मुरतो आणि दोन्ही बाजूंच्या ओढ्यांकडं वाहत जातो. मध्यावर पाण्याची पातळी ओढ्यापेक्षा किती वर असेल? स्थिर स्थितीत उत्तर सरळ आहे: मुरणारं पाणी गुणिले अंतराचा वर्ग, भागिले आठ पट वहनक्षमता. वहनक्षमता म्हणजे त्या जलधराचा पूर्ण ओला थर मिळून पाणी किती सहज पुढं सरकवतो ते. एकक चौरस मीटर प्रतिदिन.

किती पाणी मुरतं याला आपल्याकडं भूजल अंदाज समितीचे आकडे वापरायची पद्धत आहे. समितीच्या १९९७ च्या पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टला पावसाच्या ७ टक्के, आणि सच्छिद्र व सांधे असलेल्या बेसॉल्टला १३ टक्के असं सुचवलंय. लोणंदला दोन्ही प्रकार एकाच विहिरीत दिसतात. मग दोन विद्यार्थी घेऊ.

पहिली म्हणते ७ टक्के, म्हणजे वर्षाला ३५ मिलिमीटर. पातळी जुळवण्यासाठी ती वहनक्षमता ७ ठेवते. मध्यावरची पातळी येते ६.८५ मीटर.

दुसरा म्हणतो १३ टक्के, म्हणजे ६५ मिलिमीटर. तो वहनक्षमता १३ ठेवतो. मध्यावरची पातळी येते... ६.८५ मीटर. मध्यावरच नाही, मधल्या प्रत्येक विहिरीत दोघांचं उत्तर तंतोतंत सारखं. हजार विहिरी मोजल्या तरी सारखं.

दोघांचेही ठिपके रेषेवर. दोघांनाही पदवी मिळेल. पण पहिलीच्या जगात एका चौरस किलोमीटरवर वर्षाला साडेतीन कोटी लिटर पाणी येतं, आणि दुसऱ्याच्या जगात साडेसहा कोटी. गावानं वर्षाला पाच कोटी लिटर उपसलं, तर एका जगात विहिरी दरवर्षी खाली जाणार, दुसऱ्यात निवांत चालणार. कांदा लावायचा का नाही, हे नेमकं ठरवणारा आकडाच मॉडेलला माहीत नाही. आणि कॅलिब्रेशनच्या आलेखात हे कुठंही दिसत नाही. त्या पानावर मला राग आहे तो यासाठी.

'पण आम्ही तर काळानुसार मॉडेल करतो!'

हा आक्षेप तुमच्या मनात आला असेल तर शाबास. स्थिर स्थिती सोडून महिन्यागणिक मॉडेल केलं, की पावसाळ्यात पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते, म्हणजे माहिती वाढते. मग अडचण सुटते का?

बघा. पावसाळ्यात पातळी किती चढली यावरून कळतं: मुरलेलं पाणी भागिले साठवण. साठवण म्हणजे पातळी एक मीटर उतरली की खडक किती पाणी सोडतो ते प्रमाण. दिवाळीनंतर पातळी किती वेगानं उतरते यावरून कळतं: वहनक्षमता भागिले साठवण. आणि स्थिर उंचीवरून कळतं: मुरलेलं पाणी भागिले वहनक्षमता. तिन्ही वेळा भागाकार! मुरणारं पाणी, वहनक्षमता, साठवण, आणि उपसाही तुम्ही अंदाजानंच घातला असेल तर उपसा, या सगळ्यांना एकदम दुप्पट करा. एकही पातळी हलणार नाही.

बेसॉल्टची साठवण त्याच समितीच्या आकड्यांत २ टक्के सुचवलेली आहे, आणि मर्यादा १ ते ३. पावसाळ्यात पातळी ३ मीटर चढली, तर १ टक्क्यानं ३० मिलिमीटर मुरलं, ३ टक्क्यांनी ९०. तिप्पट फरक, आणि दोन्ही आकडे नियमात बसणारे. समितीला मी दोष देत नाही. तिची पद्धत मोठ्या क्षेत्राच्या ढोबळ ताळेबंदासाठी आहे, आणि ती तसं उघड सांगते. शिवाय शक्य असेल तिथं प्रत्यक्ष मोजलेले आकडे घ्या, असाच तिचा आग्रह आहे. दोष आपला, की तो ढोबळ आकडा आपण उचलतो, दोनशे मीटरच्या चौकटीत घालतो आणि त्यातून तीन दशांश स्थळांचं उत्तर काढतो.

इथं एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर टीका एकांगी होईल. काही प्रश्नांना गुणोत्तर पुरतं. आपल्याच जिल्ह्यातलं कोयना घ्या. १९६२ मध्ये जलाशय भरायला लागला, ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि आजही तिथं जमीन हलते. या अभ्यासासाठी कऱ्हाडला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे आणि सुमारे ३ किलोमीटर खोल चाचणी-छिद्र घेतलंय. तिथला एक प्रश्न असा: वर जलाशयाची पातळी बदलली, तर खोल खडकातल्या पाण्याचा दाब कधी बदलेल? हा 'कधी'चा प्रश्न आहे. त्याला वहनक्षमता भागिले साठवण एवढं गुणोत्तर पुष्कळ झालं. समीकरण आपलंच, पण प्रश्न वेगळा. म्हणून लक्षात ठेवा: 'कधी' विचारत असाल तर पातळ्या मदत करतात. 'किती' विचारत असाल तर पातळ्यांच्या पलीकडं जावं लागतं.

गाठ कशी सोडवायची

उत्तर साधं आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही: एक तरी प्रवाह मोजा. पातळी नव्हे, प्रवाह. लिटर आणि सेकंद.

वरचे दोन विद्यार्थी आठवा. पहिलीच्या जगात एका चौरस किलोमीटरमधून वर्षभराच्या सरासरीनं सेकंदाला १.१ लिटर पाणी ओढ्यात उतरलं पाहिजे, दुसऱ्याच्या जगात २.०६ लिटर. म्हणजे ओढ्याचं पाणी एका ठिकाणी गोळा करून २०० लिटरचं टिपाड लावलं, तर एकाच्या जगात ते ३ मिनिटांत भरेल, दुसऱ्याच्या दीड-पावणेदोन मिनिटांत. हा फरक मोजायला महागडं यंत्र लागत नाही. अर्थात खऱ्या ओढ्यात वर्षभर सारखं पाणी नसतं, आणि बरंचसं पाणी ओढ्यापर्यंत पोचायच्या आधीच उपसलं जातं. म्हणून उपसाही मोजायला हवा.

उपसा मोजणं कंटाळवाणं आहे, पण अशक्य नाही. मोटारीच्या पाइपाखाली तेच टिपाड ठेवा. ४० सेकंदांत भरलं तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार. मग शेतकऱ्याला विचारा: लाइट किती तास असते, त्यातली किती तास मोटार चालते, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या पिकाला. वीस-तीस विहिरींचं असं टिपण केलंत, तर ते तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात मौल्यवान परिशिष्ट असेल. जाळी कुणालाही आखता येते.

पंप-चाचणीतही प्रवाह मोजला जातो, म्हणून तीही गाठ सोडवते. पण इथं दुसरा खड्डा आहे. पाठ्यपुस्तकात पहिलं येतं थाईसचं १९३५ चं सूत्र. त्यात गृहीत धरलंय की विहिरीचा व्यास नगण्य आहे, म्हणजे विहिरीत स्वतःचं असं पाणी साठलेलंच नाही. आपली विहीर? ८ मीटर व्यासाची विहीर घ्या. तिची पातळी एक मीटर उतरवायची म्हणजे ५० हजार लिटर पाणी काढायचं. सेकंदाला ५ लिटरच्या मोटारीला त्यासाठी जवळजवळ पावणेतीन तास लागतात, आणि तेवढ्या वेळात खडकातून थेंबही आला नाही तरी चालतं! म्हणजे पहिल्या दोन-तीन तासांची आकडेवारी ही बहुतांशी विहिरीची आहे, खडकाची नाही. मोठ्या व्यासाच्या विहिरीसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये वेगळं सूत्र दिलं. पंप बंद केल्यावर विहीर किती वेगानं भरते हेही मोजता येतं. पेपरमध्ये खुदाईच्या विहिरीला थाईसचं सूत्र सरळ लावलेलं दिसलं, तर पेन्सिलनं तिथं प्रश्नचिन्ह काढा.

खडक वाळूसारखा वागतो का?

मोडफ्लोच्या मुळाशी डार्सीचा नियम आहे. डार्सीनं तो १८५६ मध्ये मांडला, फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना, वाळू भरलेल्या नळकांड्यांवर प्रयोग करून. वाळूत एक मूठ घ्या की दहा मुठी, वागणूक सारखी. बेसॉल्टमध्ये तसं नाही. एका चौकटीत एक चांगला सांधा असेल, शेजारच्या चौकटीत नुसता कातळ. भेगेतून जाणारं पाणी भेगेच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. भेग दुप्पट रुंद झाली की प्रवाह आठपट. अशा खडकाला 'सरासरी वाळू' मानणं मोठ्या पाणलोटाच्या ताळेबंदापुरतं खपून जातं. एका विहिरीच्या पातळीवर खपत नाही.

हिमांशू कुलकर्णी आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा, दख्खनच्या बेसॉल्टमधल्या भूजल व्यवस्थेच्या चौकटीबद्दलचा 'हायड्रोजिऑलॉजी जर्नल'मधला पेपर तुम्ही मॉडेल करण्याआधी वाचावा असं मला वाटतं. त्यातून मी घेतलेला धडा असा: इथं एक मोठा सलग जलधर नाही, थरांच्या आणि सांध्यांच्या रचनेनं ठरलेल्या छोट्या-छोट्या व्यवस्था आहेत, आणि त्या ओळखायच्या तर विहिरीच्या कठड्यावर उभं राहून आत बघावं लागतं. कुठल्या थरातून झरा आहे, गेरू किती फुटांवर आहे, कोणत्या दिशेला सांधे आहेत.

याचा मॉडेलवर थेट परिणाम होतो. मुख्य झरा ६ मीटरवरच्या आडव्या सांध्यातून असेल, तर पातळी ६ मीटरच्या खाली गेली की तो सांधा कोरडा पडतो आणि वहनक्षमता एकदम घसरते. हळूहळू नाही, पायरीसारखी. दिवाळीच्या पातळ्यांवर जुळवलेलं मॉडेल एप्रिलमध्ये तोंडावर पडतं ते यामुळं. आणि केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं. चार ठिपक्यांत ही पायरी दिसेलच असं नाही. त्यात शेतकऱ्यांनी विहिरीच्या पोटातून मारलेले आडवे बोअर आले. ज्यानं आडवे बोअर मारले, त्याची विहीर एक छिद्र राहिली नाही, पंजासारखी पसरली. ते कुठल्याही नकाशावर नाहीत. विचारल्याशिवाय कळत नाहीत, आणि पेपर लिहिणारा विचारत नाही.

माझी चूक

आता कबुली. माझं पहिलं मॉडेल तयार झालं, तेव्हा नकाशा मोठा देखणा आला होता. जास्त वहनक्षमतेच्या चौकटी निळ्या, कमी असलेल्या लाल. सुट्टीत घरी आलो, तर धाकट्या चुलत्यांनी, आम्ही त्यांना नाना म्हणतो, लॅपटॉप बघितला आणि सरळ विचारलं, "आपलं रान कुठंय यात?" मी बोट ठेवलं. गडद निळं. नाना म्हणाले, "म्हंजे पाणी हाय."

मी 'हो' म्हणालो नाही. पण 'नाही' पण म्हणालो नाही. म्हणालो, "मॉडेलप्रमाणं चांगलं दिसतंय." नानांना तेवढं बास होतं. पुढच्या महिन्यात गाडी आली, बोअर पाडला. खालपर्यंत नुसता धुरळा. नाना मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाणाड्यानं नारळ धरला असता तर त्याला तरी शिव्या देता आल्या असत्या रं. तुला काय बोलायचं?"

नंतर मी हिशोब केला. माझी चौकट २०० मीटर बाय २०० मीटर होती. म्हणजे ४ हेक्टर, जवळजवळ दहा एकर. नानांचं अख्खं रान माझ्या एका चौकटीत बसून जागा उरत होती. बोअर सहा इंची. तो निळा रंग दहा एकरांची सरासरी होता, त्यात कुठं सांधा आहे हे त्या रंगाला माहीत असणं शक्यच नव्हतं. आणि सरासरी म्हणून तरी बरोबर होता का? निळा रंग आला होता तो मी १३ टक्के घेतले म्हणून. ७ टक्के घेतले असते तर तीच चौकट फिकी आली असती, ठिपके तेवढेच सुंदर.

पाणाडी आणि माझ्यात फरक काय होता, यावर मी बराच विचार केला. फरक असायला हवा होता तो असा, की माझं विधान चुकू शकतं आणि कुठं चुकलं हे शोधता येतं. पण मी मॉडेल अशा रीतीनं मांडलं होतं की ते कुठंच चुकताना दिसत नव्हतं. मग शास्त्र कसलं ते.

'मॉडेल पडताळता येत नाही' याबद्दल

या विषयावरचा गाजलेला पेपर म्हणजे कोनिकोव आणि ब्रेडेहोफ्ट यांचा, १९९२ चा. शीर्षकातच त्यांनी सांगून टाकलंय की भूजलाची मॉडेलं खरी ठरवता येत नाहीत. पॉपरचा आधार घेऊन ते म्हणतात, खोटी ठरवता येतात, एवढंच. दोन वर्षांनी ओरेस्केस आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हाच मुद्दा सगळ्या भूविज्ञानासाठी मांडला.

दोन्ही पेपर वाचाच. पण माझी त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे, किंवा आपण ते ज्या पद्धतीनं वापरतो त्याबद्दल. प्रबंधाच्या शेवटी 'मर्यादा' या मथळ्याखाली एक वाक्य टाकायचं, 'कोणतंही मॉडेल पूर्ण पडताळता येत नाही', संदर्भ द्यायचा, आणि सुटका करून घ्यायची. हा त्या विचाराचा अपमान आहे. सगळंच अनिश्चित आहे असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. आपल्या वरच्या गणितानं तर नेमकं दाखवलं: अमुक गुणोत्तर पातळ्यांवरून पक्कं कळतं, अमुक प्रमाण अजिबात कळत नाही. अनिश्चिततेलाही आकार असतो. तो आकार सांगणं हेच संशोधकाचं काम.

मला त्यापेक्षा कोनिकोव यांचा १९८६ चा पेपर जास्त शिकवून गेला. ॲरिझोनातल्या एका खोऱ्याच्या जुन्या मॉडेलचं त्यांनी नंतर ऑडिट केलं. ४० वर्षांहून जास्त नोंदींवर जुळवलेलं मॉडेल. त्यानं पुढच्या काळासाठी केलेलं भाकीत प्रत्यक्ष पातळ्यांशी ताडून पाहिलं, तर नीट जुळत नव्हतं. आणि एक मोठं कारण असं की लोक पुढं किती उपसतील याचा अंदाजच चुकला होता. चाळीस वर्षांची जुळणी असून! आपल्याकडं पाच-सहा वर्षांच्या पातळ्यांवर वीस वर्षांचं भाकीत होतं, आणि ऑडिट कोणी करत नाही. दहा वर्षांपूर्वी छापलेलं आपल्या भागातलं एखादं मॉडेल घ्या आणि त्याचं भाकीत आजच्या पातळ्यांशी लावून बघा. मला विचाराल तर नव्या मॉडेलपेक्षा हा पीएच.डी.चा जास्त चांगला विषय आहे.

मग मॉडेल करायचंच नाही का?

करायचं. मोडफ्लो १९८४ पासून आहे, फुकट आहे, उघडं आहे, आता पायथॉनमधून चालवता येतं. दोष त्या सॉफ्टवेअरचा नाही. फक्त क्रम उलटा करा. मॉडेल शेवटी नाही, सुरुवातीला करा, आणि एक नाही, दोन करा. एक ३५ मिलिमीटरचं, एक ६५ चं, दोन्ही पातळ्यांना जुळणारी. मग विचारा: ही दोन जगं कुठं वेगळी दिसतील? कुठल्या ओढ्यात, कोणत्या महिन्यात? तिथं टिपाड घेऊन जा. असं केलंत तर मॉडेल तुम्हाला उत्तर देणार नाही, पण पुढचं मोजमाप कुठं करायचं ते दाखवेल. आणि मोजमाप झालं की दोनपैकी एक मॉडेल मरेल. ते मरणं तुमच्या प्रबंधाचा निष्कर्ष.

हे पुस्तकी नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांत ग्रामपंचायतीच्या पातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात झाली. ग्रामसभेत आकडा वाचला जातो, त्यावर पीक ठरवा म्हणून सांगितलं जातं. उद्या तो आकडा काढणाऱ्यांत तुम्ही असाल.

जाता जाता, पुढचा पेपर हातात आला की एवढं तपासा:

१. मॉडेलची तुलना 'सगळीकडं इतक्या मीटरवर पाणी' या आळशी अंदाजाशी केली आहे का?
२. एक तरी प्रवाह मोजलाय का, की नुसत्या पातळ्या?
३. मुरणाऱ्या पाण्याचा आकडा दुप्पट करून, वहनक्षमता दुप्पट करून बघितलंय का?
४. कालवा, आडवे बोअर, मोटारीचे तास यांची चौकशी केलीय का?
५. एक चौकट किती एकरांची आहे, आणि निष्कर्ष त्याहून बारीक जागेबद्दल आहे का?
६. कोणती गोष्ट दिसली तर हे मॉडेल चुकीचं ठरेल, हे लेखकानं सांगितलंय का?

पाचव्या प्रश्नासाठी मी नानांचा ऋणी आहे. यंदा दिवाळीनंतर आम्ही दोघं ओढ्यावर टिपाड लावतो. वेळ मी घेतो, वहीत नाना लिहितात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे आधी का न्हाई केलंस?" याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. तुम्ही मात्र आधीच करा.